मागाच्या व्हीएमसाठी व्हीसॉक: प्रकल्प नोंदी, सोलापूर

९ जून २०२५, सोमवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. ४८ रेपिअर माग. प्रत्येक मागावर पिक (कापडात पडणारा आडवा धागा) मोजणारा सेन्सर आहे, आणि सेन्सरचा आकडा गेटवेमार्फत मॉडबस टीसीपीवर मिळतो. मॉडबस टीसीपी ही कारखान्यातल्या यंत्रांची जाळ्यावरून बोलायची पद्धत: ५०२ नंबरचं पोर्ट, ना पासवर्ड ना ओळख. त्या जाळ्यात जो शिरेल तो आकडे वाचेल आणि मनात आलं तर लिहीलही. म्हणून मागांचं जाळं वेगळं ठेवलंय. ऑफिसच्या जाळ्याशी त्याचा तारेनंसुद्धा संबंध नाही, आणि तो येऊही द्यायचा नाही ही मालकांची पहिली अट.

सर्व्हर एकच. डेबियन १२ (लिनक्स), आभासी संगणक चालवायला केव्हीएम, वर असे दोन आभासी संगणक, म्हणजे व्हीएम. एक 'माग', जिला फक्त मागांकडचं नेटवर्क कार्ड दिलंय. दुसरी 'हिशेब', जी ऑफिसच्या जाळ्यात आहे. मागांच्या जाळ्यात होस्टचा, म्हणजे मूळ सर्व्हरचा, स्वतःचा आयपी पत्ता नाही, मुद्दामच दिलेला नाही. काम असं: 'माग'मध्ये दर दहा सेकंदांनी जमणारे आकडे होस्टवर आणायचे, तिथून पाळीचा अहवाल काढायचा.

मालकांच्या पुतण्याचं म्हणणं, आणखी एक ब्रिज (आभासी स्विच) टाका, फायरवॉलचे चार नियम लिहा, झालं. होईल. पण सहा महिन्यांनी कुणीतरी प्रिंटर चालत नाही म्हणून त्यातला एक नियम उडवणार, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता त्या वाटेला जात नाही.

व्हर्टिओ सिरियलचा, म्हणजे व्हीएम आणि होस्ट यांच्यातल्या आभासी सिरियल तारेचा, विचार केला. क्यूएमूचा, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, गेस्ट एजंट (गेस्ट म्हणजे आतली व्हीएम) वर्षानुवर्षं त्याच्यावरच बोलतो, भरवशाचा मार्ग आहे. पण ती एकच तार. होस्टकडून एका वेळी एकानेच ती उघडायची, नोंद कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आपणच ठरवायचं. मधेच वाचणारा प्रोग्रॅम बसला तर उठल्यावर अर्धी ओळ हातात येते. दोन वेगळे प्रवाह हवे असतील तर दोन पोर्ट जोडा. सामायिक फोल्डरही नको. फाइल पूर्ण लिहून झाली की नाही हे सारखं डोकावून बघत बसणं मला पटत नाही.

व्हीसॉकने करायचं ठरवलं: होस्ट आणि व्हीएम यांना नेटवर्कशिवाय थेट बोलता येईल अशी सोय.

११ जून, बुधवार

मालकांना समजावताना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला लागेल.

व्हीसॉक ही लिनक्समधली सॉकेटचीच, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या खिडकीचीच, एक जात आहे. सॉकेट उघडा, बाइंड करा, लिसन, अ‍ॅक्सेप्ट, कनेक्ट, सगळं तेच. फक्त पत्त्याच्या जागी आयपी नसतो. एक सीआयडी (कुठली मशीन ते सांगणारा) आणि एक पोर्ट, दोन्ही ३२ बिटांचे आकडे. सीआयडी २ म्हणजे कायम होस्ट. ० हायपरव्हायजरसाठी (व्हीएम चालवणाऱ्या थरासाठी) राखीव, १ म्हणजे आपल्या आपल्यातच बोलायला. व्हीएमना ३ पासून पुढचे आकडे. डीएचसीपी नाही, राउटिंग नाही, नावावरून पत्ता शोधणं नाही. व्हीएमचं नेटवर्क कार्ड काढून टाकलं तरी हे चालतं, कारण पाकिटं कुठल्या जाळ्यातून जातच नाहीत. व्हर्टिओच्या रांगांमधून थेट होस्टच्या कर्नलमध्ये पोचतात.

हे काही काल आलेलं नाही. २०१३ मध्ये लिनक्स ३.९ मध्ये व्हीएमवेअरने स्वतःसाठी हे आणलं. केव्हीएमवाल्यांना लागणारी व्हर्टिओची बाजू २०१६ मध्ये ४.८ मध्ये आली, हायपर-व्हीची ४.१४ मध्ये. पायथनमध्ये ३.७ पासून वेगळं काही न बसवता वापरता येतं. अ‍ॅमेझॉनचे नायट्रो एन्क्लेव्ह (बाहेरच्या जगापासून तोडलेल्या व्हीएम) तर याच्यावरच उभे आहेत: एन्क्लेव्हला नेटवर्कच नसतं, बाहेर बोलायला व्हीसॉक एवढाच मार्ग. हे सांगितल्यावर मालकांचा चेहरा जरा मोकळा झाला. मोठ्या कंपनीचं नाव घेतलं की पटतं, त्याला इलाज नाही.

१३ जून, शुक्रवार

बसवायला फार काही लागलं नाही. होस्टवर व्हीहोस्ट-व्हीसॉक मॉड्यूल (कर्नलमधला व्हीसॉकचा होस्टकडचा भाग) चढवलं, लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएलमध्ये व्हीसॉकचा टॅग घालून 'माग'ला सीआयडी ४१ दिला, व्हीएम बंद करून चालू केली. गेस्टमधला ड्रायव्हर डिव्हाइस दिसल्यावर आपोआप चढला.

पहिली चाचणी सॉकॅटने, म्हणजे दोन टोकं जोडून देणाऱ्या साधनाने. होस्टवर ७००१ पोर्टवर ऐकत बसवला, गेस्टमधून सीआयडी २, पोर्ट ७००१ ला जोडला आणि टाइप केलं: हर्र बोला हर्र. होस्टवर उमटलं. सोलापुरात चाचणीचा मजकूर दुसरा काय असणार.

मग व्हीसॉकमॉन (व्हीसॉकची वाहतूक दाखवणारं मॉड्यूल) चढवून तेच पाकीट उघडून पाहिलं. इथे थोडा वेळ घालवला, पण तो वाया गेला नाही. प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर ४४ बाइटांचं हेडर. पाठवणारा सीआयडी ४१, घेणारा सीआयडी २, मग दोन्हीकडची पोर्ट. लांबी ३९: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, अशी बारा, दोन मोकळ्या जागा आणि शेवटचा एंटर. प्रकार १, म्हणजे स्ट्रीम. क्रिया ५, म्हणजे मजकूर. १ म्हणजे जोडणीची मागणी, २ होकार, ३ तोडलं, ४ आवरतं घेतोय. शेवटी दोन आकडे राहतात, बफ-अलॉक आणि फॉरवर्ड-काउंट. ते आत्ता फक्त टिपून ठेवले. प्रकरण तिथेच असणार असं वाटतंय.

चुका कशा दिसतात तेही पाहून घेतलं, कारण टीसीपीची सवय असलेला माणूस इथे फसतो. पोर्टवर कुणी ऐकत नसेल तर 'नाकारलं' असं उत्तर येत नाही, 'समोरच्याने जोडणी रीसेट केली' असं येतं. होस्टवरून नसलेल्या सीआयडीला हाक मारली तर 'असं डिव्हाइस नाही'. व्हीएम आहे पण अजून उठतेय, ड्रायव्हर चढलेला नाही, अशा वेळी दोन सेकंद थांबून 'वेळ संपली'. हे दोन सेकंद सॉकेटच्या ऑप्शनने वाढवता येतात. तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, लॉगमध्ये तिन्ही वेगळे लिहायचे.

१७ जून, मंगळवार

ऐकायचं कुणी आणि जोडायचं कुणी?

होस्ट ऐकेल, 'माग' जोडेल. होस्टचा सीआयडी कधी बदलत नाही, त्यामुळे गेस्टमध्ये कुठलीही सेटिंग ठेवावी लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अ‍ॅक्सेप्ट केल्यावर समोरचा सीआयडी मिळतो, आणि तो खोटा असू शकत नाही. गेस्टने पाकिटावर पाठवणाऱ्याचा सीआयडी दुसराच टाकला तर व्हीहोस्ट ते पाकीट टाकून देतो. तपासणी होस्टच्या कर्नलमध्ये होते, गेस्टचा प्रामाणिकपणा त्यात धरलेलाच नाही. ४१ सोडून दुसरं कुणी आलं की आमचा रिसीव्हर, म्हणजे होस्टवर आकडे घेणारा प्रोग्रॅम, जोडणी बंद करतो.

पण ही ओळख व्हीएमची आहे, तिच्या आतल्या प्रोग्रॅमची नाही. 'माग'मध्ये कुणी साध्या युजरने शिरकाव केला तरी तोही ४१ म्हणूनच येईल. म्हणून रिसीव्हर आंधळेपणाने काही घेणार नाही: नोंद बरोबर १२८ बाइटांची, माग क्रमांक १ ते ४८, वेळ मागे जाणारी नको. यातलं काही बिनसलं की जोडणी तोडायची. एनएफटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, भरवशावर राहून चालणार नाही. फायरवॉलला व्हीसॉकची वाहतूक दिसतच नाही, कारण ती आयपीच नाही. ऑफिसमधल्या मुलाने विचारलं की मग फायरवॉल कुठे लावायचा. म्हटलं, रिसीव्हरच्या पहिल्या तीस ओळी वाच.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. 'माग'वरून 'हिशेब'ला व्हीसॉकने बोलता येत नाही. घेणारा होस्ट नसलेलं पाकीट व्हीहोस्ट पुढे सरकूच देत नाही. कुणी याला व्हीसॉकची उणीव म्हणतात. आम्हाला नेमकं हेच हवं होतं.

१८ जून

दिवसभर वीज ये-जा. काही नाही.

२४ जून, मंगळवार

ऑफिसातल्या मुलाला प्रयोग करायला वेगळी व्हीएम हवी होती. त्याने 'माग'ची डिस्क आणि एक्सएमएल कॉपी केलं, नाव आणि यूयूआयडी बदलला, आणि व्हीएम चालू होईना. क्यूएमूचा निरोप असा की गेस्ट सीआयडी लावता येत नाही, पत्ता आधीच वापरात आहे. निरोप स्वच्छ आहे, पण त्याला पत्ता म्हटल्यावर आयपी पत्ता वाटला, आणि तो तासभर नेटवर्क कार्डाचे मॅक पत्ते बदलत बसला होता.

एका होस्टवर एक सीआयडी एकाच चालू व्हीएमला. लिबव्हर्टला 'तूच दे' असंही सांगता येतं, मग तो चालू करतेवेळी मोकळा आकडा उचलतो. प्रयोगाच्या व्हीएमला तसंच केलं. 'माग'ला मात्र ४१ कायमचा, नाहीतर रिसीव्हरच्या तपासणीला अर्थ उरत नाही. कुठला आकडा कुणाचा याचा कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवला.

३० जून, सोमवार

सकाळची पाळी सुरू होताना जॉबर (मागांची देखभाल बघणारे) मामा ऑफिसात आले. हातात रात्रीचा अहवाल. "ओ साहेब, चौदा नंबर रात्री दोनला बंद होता की. ताणा तुटला होता, मी स्वतः उभा होतो तिथं. तुमचा कागद तर चालूच म्हणतोय."

मामांचं बरोबर होतं. रात्री १:५० ते २:२५ या वेळेत एकाही मागाची दहा सेकंदांची नोंद नाही. त्यानंतर एकदम एकेक मोठा आकडा. पिकचा आकडा चढता असल्यामुळे रात्रीची बेरीज बरोबर येते, पण मधे कोण किती थांबलं ते पुसलं जातं. अहवाल काढणारा प्रोग्रॅम पस्तीस मिनिटांची सरासरी काढून सगळे माग सुरळीत दाखवतो. मामांना बेरजेशी देणंघेणं नाही, त्यांना थांबे हवेत. त्यांचं कामच ते आहे.

उलटा माग काढत गेलो. होस्टवर रात्रीचा बॅकअप यूएसबी डिस्कवर चालतो. १:४० च्या सुमारास ती डिस्क अडकली, कर्नलच्या लॉगमध्ये तिचे रीसेट दिसतात. रिसीव्हर त्याच डिस्कवर नोंदी लिहितो, तोही लिहिण्यात अडकून बसला, सॉकेट वाचेना. इथवर सरळ आहे. पण होस्टवरच्या डिस्कमुळे गेस्टमधलं मागांचं वाचन का थांबावं?

इथे ते दोन आकडे कामाला आले. व्हर्टिओ व्हीसॉकमधला उधारीचा हिशेब किराणा दुकानाच्या वहीसारखा आहे. घेणारा सांगतो, माझ्याकडे एवढी जागा आहे: हा बफ-अलॉक. आणि आजवर एवढे बाइट प्रोग्रॅमने उचलून नेले: हा फॉरवर्ड-काउंट. पाठवणारा आपण पाठवलेल्या एकूण बाइटांतून उचललेले वजा करतो. बाकी मर्यादेला भिडली की उधारी बंद. पाकीट हरवत नाही, टाकूनही दिलं जात नाही, पाठवणाराच थांबतो. दोन्ही आकडे प्रत्येक पाकिटाच्या हेडरमध्येच जातात, त्यामुळे बोलणं चालू असताना वेगळा निरोप फारसा लागत नाही.

ही मर्यादा मुळात २५६ केबी. आता हिशेब: ४८ माग, दर दहा सेकंदांनी प्रत्येकी १२८ बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण ६१४ बाइट. २,६२,१४४ भागिले ६१४, सुमारे सात मिनिटं. डिस्क १:४० ला अडकली असेल तर १:४७ च्या आसपास गेस्टमधला सेंड थांबायला हवा. त्यात रिसीव्हर स्वतः अडकण्याआधी मेमरीतल्या कॅशेत गेलेले दोनेक मिनिटांचे आकडे धरले तर १:५० जुळतं.

आणि गेस्टमधला कलेक्टर, जो आधीच्या कंत्राटदाराकडून आलाय, एकाच धाग्यात सगळं करतो: मागाला विचार, उत्तर घे, पाठव, पुढचा माग. 'पाठव' अडकलं की विचारणंही अडकलं. व्हीसॉकने नेमून दिलेलं काम चोख केलं. एका बाजूची सुस्ती दुसऱ्या बाजूला पोचवणं हेच त्याचं काम.

मुलाने सुचवलं, बफर वाढवू. वाढवता येतो, आणि त्यातही एक खोच आहे, ती लिहून ठेवतो. बफरच्या आकाराचा ऑप्शन ४ एमबी दिला तरी काही फरक पडत नाही आणि चूकही येत नाही. कारण कमाल मर्यादेचा ऑप्शन वेगळा आहे आणि तोही मुळात २५६ केबीच आहे. मागितलेला आकडा गुपचूप तिथवर कापला जातो. आधी कमाल वाढवायची, मग आकार. आणि हे घेणाऱ्याच्या बाजूला, लिसनच्या सॉकेटवर करायचं. अ‍ॅक्सेप्टमधून निघणाऱ्या सॉकेटला तोच आकार मिळतो.

पण ४ एमबीने काय होणार? सात मिनिटांचे दोन तासांच्या आत-बाहेर होतील. डिस्क रात्री अकराला अडकली आणि सकाळी सातला कुणी पाहिली तर परत मामा कागद घेऊन दारात.

१ जुलै, मंगळवार

कलेक्टर दोन भागांत तोडला. एक भाग फक्त मागांना विचारतो आणि उत्तर गेस्टमधल्याच एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइलीत टाकतो. त्याला व्हीसॉक माहीतच नाही. दुसरा भाग त्या फाइलीतून उचलून पाठवतो, पाठवण्याला पाच सेकंदांची मुदत.

पाठवलं म्हणजे पोचलं असं धरायचं नाही. सेंड यशस्वी झाला याचा अर्थ उधारीत बसलं, एवढाच. समोरच्या कर्नलमध्ये बाइट पडून आहेत, रिसीव्हरने ते वाचलेत का, डिस्कवर गेलेत का, कुणास ठाऊक. म्हणून प्रत्येक नोंदीला माग क्रमांक आणि चढता अनुक्रमांक. रिसीव्हर डिस्कवर पक्कं लिहिल्यावर 'इथवर मिळालं' एवढा एक आकडा परत पाठवतो. मगच गेस्टमधल्या फाइलीतून त्या नोंदी पुसायच्या. दुबार आल्या तर होस्टवर त्याच किल्लीने गळून पडतात.

रिसीव्हरची फाइल यूएसबीवरून आतल्या एसएसडीवर हलवली. हे आधी करणं सोपं होतं हे खरं, पण तेवढंच केलं असतं तर कलेक्टर तसाच राहिला असता.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी. निम्मे कामगार पंढरपूरच्या वाटेवर, माग बंद. असा मोकळा दिवस परत मिळणार नाही म्हणून सगळं मुद्दाम मोडून पाहिलं.

होस्टवरचा रिसीव्हर मारला: गेस्टला ताबडतोब कळलं. परत चालू केला: पाठवणारा आपोआप जोडला, साठलेलं रिकामं झालं.

'माग' व्हीएम एकदम बंद केली: होस्टवरच्या जोडणीला रीसेट आला. छान.

'माग' सस्पेंड केली: होस्टला काहीच कळलं नाही. जोडणी जशीच्या तशी, एसएसच्या (सॉकेट दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत उभी. टीसीपीत असतो तसा कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं) इथे नाही. दर वीस सेकंदांनी 'आहे' एवढा निरोप पाठवायचा आणि एक मिनिट काही आलं नाही की होस्टने जोडणी सोडायची, असं घातलं.

सर्वात कामाची चाचणी वीज जाण्याची. यूपीएसची बॅटरी खाली आली की आमची स्क्रिप्ट व्हीएमची मेमरी डिस्कवर जतन करून ठेवते, वीज आली की जिथे होती तिथून उठवते. गेस्टच्या दृष्टीने मधे काही घडलेलंच नसतं, पण होस्टवर रिसीव्हर नवा असतो. अशा वेळी व्हीसॉकचं डिव्हाइस उठताना गेस्टला 'वाहतूक रीसेट झाली' असा इव्हेंट देतं आणि जुन्या सगळ्या जोडण्या तुटतात. ऐकत बसलेली सॉकेट मात्र टिकतात. दुसऱ्या सर्व्हरवर चालत्या व्हीएमचं स्थलांतर केलं तरी हेच घडतं. मुख्य स्विच पाडून पाहिलं. उठल्यावर पाठवणाऱ्याला रीसेट मिळाला, तो परत जोडला, एकही नोंद गेली नाही. मात्र पहिल्या काही नोंदींची वेळ वीज गेली तेव्हाची होती, गेस्टचं घड्याळ मागे राहिलेलं. उठल्यावर होस्टकडून वेळ घेणं जोडायचं.

८ जुलै, मंगळवार

'माग'मध्ये शिरायला आजवर कन्सोलच होता, आणि त्यात कॉपी-पेस्ट म्हणजे शिक्षा. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) व्हीसॉकवर बसवला. गेस्टमध्ये सिस्टमडीचं (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) सॉकेट युनिट, व्हीसॉकच्या २२ पोर्टवर, प्रत्येक जोडणीला वेगळा एसएसएचडी. होस्टच्या एसएसएच सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून सॉकॅट, जो सीआयडी ४१ च्या २२ ला जोडतो. डेबियन १२ मध्ये सिस्टमडी २५२ आहे म्हणून एवढं हाताने. २५६ पासून हे सिस्टमडीमध्येच आहे: व्हीएमला व्हीसॉक दिसला की तो स्वतःच एसएसएच तिथे मांडतो, होस्टवरून थेट सीआयडी लिहून जोडता येतं.

मालकांनी विचारलं, मग अट मोडली नाही का? नाही. या दारातून फक्त होस्टवरून आत जाता येतं. उलट दिशेने होस्टवर व्हीसॉकचं एकच पोर्ट ऐकतंय, ७००१, आणि त्याच्यापुढे त्या तीस ओळी उभ्या आहेत. पुढे होस्टवर कुणी नवीन प्रोग्रॅम व्हीसॉकवर बसवला तर तो व्हीसॉक असलेल्या प्रत्येक व्हीएमला दिसणार, म्हणून एसएसच्या यादीत ७००१ सोडून काही ऐकताना दिसलं की मेल येईल असं लावलंय.

१५ जुलै, मंगळवार

पुतण्याने पुन्हा विचारलं, व्हीसॉक टीसीपीपेक्षा वेगवान आहे का. सेकंदाला ६१४ बाइटांसाठी या प्रश्नावर चहासुद्धा खर्च करायची माझी तयारी नाही.

रात्रीचा अहवाल आता थांब्यांसकट येतो. मामांनी आज तो नीट वाचला, दोन ठिकाणी बोट ठेवून "हे बरोबर" म्हणाले, आणि लगेच पुढची मागणी: माग का थांबला तेही हवं. ताणा तुटला, बाणा तुटला, की माणूसच जागेवर नव्हता. सेन्सरच्या गेटवेत कारणाचा कोड मिळतो, मॉडबसवर एक जास्तीचं रजिस्टर वाचायचं. १२८ बाइटांच्या नोंदीत शेवटचे १८ बाइट मोकळे आहेत, त्यातले दोन घेतो. रिसीव्हरची तपासणी त्याप्रमाणे बदलायला हवी. आधी होस्टची बाजू, मग गेस्टची. गुरुवारी पाळी बदलताना.